नुसती धुरी

अजमान
१२ सप्टेंबर २०२५

नर्मदामावशी,

सलाम. अम्मी जवळ बसली असेल तर तिला आधी सांगा की मी जेवलो आहे, मग पुढचं वाचा. नाहीतर ती दर ओळीला तेच विचारेल.

फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि अम्मी माझा आवाज ऐकला की रडते. म्हणून कागदावर लिहून फोटो तुमच्या भाग्येशच्या मोबाईलवर पाठवतो. तो तुम्हाला दाखवेल, तुम्ही अम्मीला वाचून दाखवा. माझं अक्षर सातवीतच थांबलं, सांभाळून घ्या.

इथे मोठा घोळ झाला आहे. लोणखेड्याच्या तुमच्या बचत गटाच्या आंब्याच्या सुक्या फोडी आणि धडगावच्या वरच्या पाड्यातल्या दलसिंगदादाच्या फोडी, दोन्ही आमच्या कंपनीत एकाच नावाच्या पाकिटात भरतात. पाकिटावर छापलेलं असतं, घटक : आंबा. बस. आता हा माल जिथे जातो त्या एका देशात सरकारी माणसांनी दुकानातून पाकीट उचललं आणि तपासलं, तर त्यात सल्फाइट नावाचं काहीतरी निघालं. ते घालणं गुन्हा नाही म्हणे. पाकिटावर न लिहिता खाऊ घालणं गुन्हा. ज्याला दमा आहे त्याचा त्यानं श्वास अडकतो. झालं, नोटीस आली; तिच्यात पाकिटाचं नाव आहे, माल कोणाचा तो नंबर नाही, म्हणून कंपनीला सगळाच माल परत बोलवावा लागला. दिवसभर खोकी येतात, मी ती फोडतो, पाकिटं चिरतो आणि फोडी पिंपात ओततो. आपल्याकडचा आंबा पिंपात ओतायला हात होत नाही, मावशी.

पण घाबरू नका, तुमचा माल वाचला. आमच्या मॅनेजर राजेंद्र साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, "अरबाज, तू उधर का है. दोनों में से कौन डालता है, पूछ." म्हणून तर परवा मी तुम्हाला फोन केला होता. मी विचारलं, "मावशी, फोडीस्मा काई टाकतस का?" आणि तुम्ही म्हणालात, "काईच टाकतस नही रे भो. आंबा नि हवा." मी साहेबांना तसंच सांगितलं.

दलसिंगदादाचा फोन लागला नाही. वर डोंगरात रेंज कुठली. साहेब घाईत होते, त्यांना एकाच्या नावावर शिक्का मारायचा होता. मी म्हटलं, "साहब, हमारा माल दूध जैसा सफेद है. उसका काला है. गड़बड़ काले में ही होगी." साहेबांना पटलं. आता फक्त त्याच्या नंबरची पाकिटं परत येतात, आणि त्याचा पुढचा माल नाकारला आहे. तुमचा चालू आहे.

थोडं वाईट वाटतं. मी धडगावच्या जीपवर क्लीनर होतो तेव्हा घाटात गाडी बंद पडली की त्याच्याच घरी मक्याची भाकर खायचो. त्याचा माल इथपर्यंत मीच आणला होता. पण चूक ज्याची त्यानं भोगावी, काय करणार.

तुमचा
अरबाज


लोणखेडा
१७ सप्टेंबर २०२५

चि. अरबाज,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या अम्मीनं दोनदा वाचायला लावलं. ती म्हणते, पोऱ्या जेवला हे लिहिलं पण काय जेवला ते लिहिलं नाही.

आमचा माल वाचला हे ऐकून शेडमधल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. सरलाबाई म्हणाली, "अरबाज आठे व्हता तवय बठा काम अर्धा सोडे, तठे जाई शहाणा व्हयना." मी म्हटलं, हो, इथे गॅरेज सोडलं, कापसाची जिनिंग सोडली, जीप सोडली, तिथे तरी टिकू दे.

तू फोनवर विचारलंस तेव्हा मी खरं तेच सांगितलं. आम्ही मीठसुद्धा टाकत नाही, रंग नाही, पावडर नाही. फोडी कापायच्या, लाकडी पेटीत चाळण्यांवर पसरायच्या, खाली शिगडीत गंधक पेटवून पेटी बंद करायची, आणि मग उन्हात. नुसती धुरी. सांगलीकडे गटाची सहल नेली होती ना, तिथे बेदाणे करणारे द्राक्षांना अशीच धुरी देतात ते आम्ही बघितलं. तेव्हापासून आपल्या फोडीला काळा डाग म्हणून पडत नाही. अळी नाही, बुरशी नाही. बाळंतिणीला धुरी देतो, तान्ह्या पोराच्या टाळूला देतो, धुरी म्हणजे स्वच्छच ना रे. त्यात तुझी अम्मी उस्ताद. गुरुवारी घरात लोबान फिरवते त्याच हातानं गंधक पेटवते, आणि वर "बिस्मिल्ला" म्हणते. मी म्हणते, बिबीजान, आंबा माझ्या शेतातला आहे, माझ्याही देवाचं नाव घे. मग ती तेही घेते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पण माल कसा निघतो ते तू बघतोसच.

दलसिंग परवा आला होता. पित्तरं चालू आहेत म्हणून मी स्वयंपाकात होते. ओट्यावर बसला, पाण्याचा तांब्या हातात धरून. म्हणाला, "बाई, माझा माल परत का केला? मी तर नुसता उन्हात वाळवला." मला त्याची दया आली, पण तुझं पत्र वाचलेलं, म्हणून म्हटलं, "दलसिंग, घरात कोणी काही टाकलं असेल, बघ नीट. माल काळा निघतो तो उगाच का?" त्यानं मान खाली घातली. शहाद्यातले व्यापारीही त्याला आता तेच म्हणतात, काळ्याला उठाव नाही. मी त्याला जेवायला वाढलं. अर्धंच जेवला.

तू काळजी करू नकोस. पुढच्या ऑर्डरची तयारी चालली आहे, भाग्येश खोकी आणायला नंदुरबारला गेला आहे.

तुझी
नर्मदामावशी


अजमान
२१ सप्टेंबर २०२५

मावशी,

हे पत्र अम्मीला वाचून दाखवू नका. आधी तुम्ही एकट्या वाचा.

माझ्या खोलीत आतिफ राहतो, बिहारचा. स्टिकरच्या मशीनवर असतो. त्याला दमा आहे, पंप कायम खिशात. कंपनीत नोटीस लागली तेव्हापासून तो त्या पाकिटांना हातसुद्धा लावत नव्हता. शुक्रवारी नमाज पढून आलो, जेवलो, आणि अम्मीनं पाठवलेली फोडींची पिशवी मी उघडली. तो लांब सरकला. मी हसलो त्याला. म्हटलं, "अबे डरपोक, वो काला माल था. ये मेरी अम्मी के हाथ का है." तरी तो नको म्हणत होता. मी त्याच्या हातात मूठभर दिल्या. नंतर त्यानं आपणहून आणखी घेतल्या.

थोड्या वेळानं तो कॉटचा दांडा धरून उठून बसला. खांदे वर वर जाऊ लागले. मला वाटलं, उचकी लागली. मग बघितलं तर तोंड उघडं आणि आवाज नाही. पंप मारला, फरक नाही. मी त्याला पाठीवर घेऊन खाली उतरलो. टॅक्सीत तो माझ्या शर्टाची बाही सोडत नव्हता. दवाखान्यात तोंडाला मास्क लावला, सुई दिली, तेव्हा कुठे त्याच्या छातीत हवा जाताना ऐकू आली. आता ठीक आहे. कालपासून कामावर आहे.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "क्या खाया इसने?" मी म्हटलं, "आम. सूखा आम." "उसमें क्या डाला था?" मी छाती पुढे करून म्हटलं, "कुछ नहीं डाला, मैडम. घर का है."

मग मी बाहेर बाकावर बसलो. तुमच्या पत्राचा फोटो दोन दिवसांपासून मोबाईलमध्ये तसाच होता. ओव्हरटाइम होता, वाचायला जमलं नव्हतं. तिथे बसून वाचला. गंधक, शिगडी, पेटी. मी आत जाऊन बाईंना सांगितलं, "मैडम, डालते कुछ नहीं, गंधक का धुआँ देते हैं." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तो डालना और किसे कहते हैं?"

मावशी, गंधकाचा धूर ओल्या फोडीत मुरतो आणि त्याचंच सल्फाइट होतं. नोटिशीवर लिहिलेलं ते हेच. काळ्या मालात काही नव्हतं. ते आपल्या मालात आहे. आणि आपला माल दुकानांत तसाच आहे, घटक : आंबा, असं लिहिलेला. आजही मी खोकी भरली.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी पण बोललो नाही, निदान तुमच्याबद्दल. पण दलसिंगदादाबद्दल जे बोललो ते मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीच ठरवलं.

काल आतिफ म्हणाला, "यार, तेरी अम्मी के हाथ का था, इसीलिए तो दुबारा लिया." रागानं नाही म्हणाला. सहज म्हणाला. मी तिथून उठून गेलो.

साहेबांना सांगू ना, मावशी? सांगावं लागेल ना? लवकर लिहा.

अरबाज


लोणखेडा
२२ सप्टेंबर

अरब्या,

तुझं पत्र आईला दाखवलं नाही, दाखवणार पण नाही. तिचं बीपी तुला माहीत आहे.

तुले कोण इचारी ऱ्हायना रे? साहेबानं विचारलं, तू सांगितलंस, विषय संपला. "टाकतस का?" विचारलं, "टाकतस नही" सांगितलं. धुरी म्हणजे टाकणं नाही. जगभर बेदाण्याला धुरी देतात, लोक मेले का? तुझा तो बिहारी आधीपासून आजारी, त्यानं खायचंच कशाला?

आता तू तोंड उघडलंस तर काय होईल ते ऐक. ऑर्डर जाईल. गटातल्या बाया घरी बसतील, त्यात तुझी अम्मी पण. तुझी नोकरी जाईल, कारण माल तूच लावला होतास. दलसिंगचं म्हणशील तर त्याला डोंगर आहे, महूची फुलं आहेत, चारोळी आहे, तो काही उपाशी राहत नाही. आईच्या डोळ्यांसमोर गट बुडवायचा असेल तर खुशाल सांग. आणि मग शहाद्याला तोंड दाखवू नको.

भाग्येश


अजमान
९ ऑक्टोबर २०२५

नर्मदामावशीस,

सलाम. मी बरा आहे. काम चालू आहे. इकडे ऊन कमी झालं. अम्मीला सांगा, जेवतो. भात, डाळ, कधी मासे. तुमचा माल नीट पोचला. बाकी काही विशेष नाही.

अरबाज


लोणखेडा
१३ ऑक्टोबर २०२५

अरबाज,

हे पत्र सूनबाईच्या, रुपाच्या मोबाईलवरून पाठवत आहे. भाग्येशला माहीत नाही. उत्तर याच नंबरवर दे.

तुझं ते चार ओळींचं पत्र मी तुझ्या अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नर्मदा, ये मेरे बेटे ने नहीं लिखा. किसी ने पीछे खड़े होके लिखवाया." तुझ्या पत्रात नेहमी कोणाची तरी चहाडी असते, कोणाची तरी नक्कल असते. यात तर तू मासे खातोस एवढंच कळलं. मासे तर तुला लहानपणापासून चालत नाहीत रे. तुझी अम्मी तेव्हापासून जेवली नाही नीट.

मी भाग्येशला विचारलं, मधे अरबाजचं काही आलं होतं का? "नाही" म्हणाला, आणि उठून गोठ्यात गेला. गोठ्यात त्याचं काय काम? तो गोठ्यात कधी जात नाही.

माझ्या माघारी तुम्ही दोघं काय करताय? दलसिंग परत आला नाही. रस्त्यात त्याचा मेहुणा भेटला, तो माझ्याकडे न बघता गेला. काहीतरी आहे. मला लिही. मी म्हातारी आहे, काचेची नाही.

नर्मदा


अजमान
१६ ऑक्टोबर २०२५

मावशी,

सोबत २१ सप्टेंबरच्या पत्राचा फोटो परत पाठवत आहे. ते आधी वाचा. भाग्येशनं ते दाबलं, पण त्याला एकट्याला शिव्या देऊ नका. त्याच्या एका चिठ्ठीनं मी गप्प बसलो, म्हणजे मलाही गप्पच बसायचं होतं. मला कारण पाहिजे होतं, ते त्यानं दिलं.

इतके दिवस मी रोज तुमची पाकिटं खोक्यात भरत होतो. भरताना मनात यायचं, हे कोणाच्या घरी जाईल. एखादी बाई पोराच्या डब्यात देईल. पोराला दमा असेल. ती पाकीट उलटं करून वाचेल, घटक : आंबा, आणि म्हणेल, चांगलं आहे. माझ्यासारखंच. मग मी खोकं टेपनं बंद करायचो आणि पुढचं घ्यायचो. आतिफ समोरच स्टिकर मारत असायचा. तो कोणाला काही बोलला नाही. मी बोलेन याची वाट बघत होता बहुतेक. ते जास्त वाईट होतं.

तुमचं पत्र वाचलं, "काचेची नाही" ही ओळ वाचली, आणि चहाच्या सुट्टीत सरळ केबिनमध्ये गेलो. तुम्हाला विचारून गेलो असतो तर परत अडकलो असतो. म्हणून आधी सांगितलं, आता लिहितो आहे. राग आला तर या गोष्टीचा पण येऊ द्या.

राजेंद्र साहेब आधी समजलेच नाहीत. मग उभे राहिले. "उस दिन तो बोला कुछ नहीं डालते!" मी म्हटलं, "साहब, सवाल ही गलत था." ते म्हणाले, "सवाल तूने पूछा था." मग म्हणाले, "और वो काले वाले का नाम? वो किसने बोला था तुझसे?" मी म्हटलं, "किसी ने नहीं."

तुमच्या नंबरची सगळी पाकिटं आता दुकानांतून परत येणार. मला पॅकिंगवरून काढलं, परतीच्या मालावर टाकलं. काढून टाकलं नाही, का ते माहीत नाही. बहुतेक आतिफ काहीतरी बोलला.

आता नीट ऐका. साहेब म्हणाले, धुरीचा माल पुढच्या हंगामात घेऊ शकतो, पण पाकिटावर ठळक छापून, गंधकाची धुरी दिलेली, दमा असणाऱ्यांनी खाऊ नये. म्हणजे गट बुडत नाही. गिऱ्हाईक कमी होईल, पण बुडत नाही. भाग्येशला सांगा.

आणि दुसरं. तिकडच्या एका मोठ्या दुकानाला बिनधुरीचाच माल पाहिजे, लगेच. साहेब म्हणाले, "वो काला माल मँगवा. वही असली था." दलसिंगदादाच्या घरी नाकारलेला माल पडून असणार. त्याचा फोन लागत नाही. मावशी, तुमचा पाय दुखतो मला माहीत आहे, पण वर कोणीतरी जाऊन त्याला सांगायला पाहिजे. या महिनाभरात मला पहिल्यांदा थोडं बरं वाटतं आहे.

अरबाज


लोणखेडा
२६ ऑक्टोबर २०२५

अरबाज,

तुझी दोन्ही पत्रं वाचून मी आधी तुलाच शिव्या दिल्या. मग भाग्येशला. मग पेटीसमोर जाऊन बसले आणि कोणाला द्यायच्या ते कळेना.

बायांना सांगितलं तेव्हा सरलाबाई उसळली, "आम्हीन काय जहर इकतस का?" रडारड झाली. तुझ्या अम्मीनं गंधकाची पिशवी उचलून माळ्यावर टाकली, शिडी काढून ठेवली आणि मला फक्त एवढं विचारलं, "उस लड़के की माँ को पता चला क्या?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तू लिही, कळलं का ते. ती रोज विचारते.

दिवाळी अशीच गेली. भाऊबीज झाल्यावर मी म्हटलं, आता मी वर जाते. तुझी अम्मी पण निघाली. जीपमध्ये मागे जागा मिळाली. घाटात तिनं माझा हात धरून ठेवला होता, उलटी होईल म्हणून की कशासाठी कोण जाणे. धडगावला उतरून पुढे दलसिंगच्या पाड्यापर्यंत एका मोटरसायकलवाल्यानं एकेकीला सोडलं.

दलसिंग अंगणातच होता. मला बघून त्याला आनंद झाला रे. रागावलेला असेल असं धरून मी गेले होते. त्यानं खाट टाकली, बायकोला हाक मारली, आणि म्हणाला, "बाई, बरं झालं आलीस. ये, दाखवतो."

आत नेलं. माळ्यावरून टोपल्या उतरवल्या. अरबाज, सगळ्या फोडी पांढऱ्या. आपल्यासारख्या. म्हणाला, "बघ, तुझ्यासारखं झालं ना आता? बाजारात सगळे म्हणाले, काळं घाण आहे. तू पण म्हणालीस. मग मी शहाद्याहून गंधक आणलं. फोडी आधी पाण्यात भिजवल्या, कोठीत धूर कोंडला, परत वाळवल्या. पोरं खोकली, पण निघाला बघ माल." मी विचारलं, "सगळा?" म्हणाला, "सगळा. काळं एक ठेवलं नाही."

तुझ्या अम्मीनं एक फोड उचलून हुंगली आणि टोपलीत परत ठेवली.

मी त्याला सांगितलं. जेवढं मला समजलं तेवढं सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमचं पहिलंच चांगलं होतं?" मी म्हटलं, "हो." म्हणाला, "मग परत का पाठवलं?"

मी तुझं नाव घेणार होते. जीभ रेटली नाही. मी म्हटलं, तिकडे कोणाची तरी चूक झाली. त्यानं खूप वेळ टोपलीत हात फिरवला. मग म्हणाला, "जाऊ दे बाई. तिथे अरबाज आहे ना. त्यानं माझ्या घरची भाकर खाल्ली आहे. त्याला विचारतो मी, कोणाची चूक झाली. तो खरं सांगेल."

त्याच्या पोरानं एक नंबर दिला आहे, धडगावला उतरलं की त्यावर लागतो. रुपा तो तुला वेगळा पाठवेल. मी यात आणखी काही करू शकत नाही, बेटा. हे तुलाच लिहायचं आहे.

नर्मदामावशी


अजमान
२९ ऑक्टोबर २०२५

दलसिंगदादा,

हे तुम्हाला तुमचा पोरगा वाचून दाखवत असेल. त्याला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

तुम्ही मावशीला म्हणालात, अरबाजला विचारू, चूक कोणाची. विचारायची गरज नाही. माझी.

तुमच्या मालात काही नव्हतं. कोणी तो तपासण्याआधीच मी साहेबांना सांगितलं की काळ्या मालात गडबड आहे. मला काही माहीत नव्हतं. तुम्हाला विचारलं नव्हतं. तुमचा फोन लागला नाही एवढ्यावर मी तुमच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं. पांढरा तो चांगला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझी माणसं तो माल करत होती, हेही होतं. नंतर खरं कळलं, तरी मी तीन आठवड्यांच्या वर गप्प राहिलो. त्याच दिवसांत तुम्ही गंधक आणलं. मी लगेच बोललो असतो तर तुमच्या टोपल्या जशा होत्या तशा राहिल्या असत्या, आणि तुमची पोरं धुरात खोकली नसती. कोणी खोकत असेल अजून, तर त्याला धडगावच्या दवाखान्यात दाखवा. उशीर करू नका. आणि तो माल कोणाला विकाल तर गंधक दिलं आहे हे सांगून विका. दमा असलेल्याला तर देऊच नका. मी देऊन बघितलं आहे.

माफी मागत नाही. तुम्ही लगेच "जाऊ दे" म्हणाल, म्हणून मागत नाही.

आज सकाळी साहेबांनी परत विचारलं, "दलसिंग का काला माल कब आएगा?" त्यांना अजून माहीत नाही की तो उरला नाही. माझ्या तोंडाशी दोन-तीन उत्तरं आली होती. रस्ता बंद आहे, माणूस गावी नाही, असली. मी म्हटलं, "साहब, उनसे पूछ के बताता हूँ."

दादा, त्यांना काय सांगू? तुमचा माल का संपला, कोणामुळे संपला, पुढच्या वर्षी तुम्ही द्याल की आमचं तोंड पण बघणार नाही, ते तुम्ही बोला. पोराला लिहायला सांगा, नाहीतर धडगावला उतरून त्याच्या मोबाईलवर आवाज भरून पाठवा, तुमच्या बोलीत. मी तो केबिनमध्ये नेऊन लावीन आणि साहेबांना एकेक शब्द हिंदीत सांगेन, शिव्या असतील तर त्या पण. यावेळी त्यात माझा शब्द एकही नसेल.

अरबाज